पंप लपवू नकोस

नाशिक रोड

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

दमा असला तरी सैन्यदलात अधिकारी व्हायला 'वेव्हर', म्हणजे सूट, मिळेल का, असं तू विचारलंस. 'वेव्हर' हा शब्द आधी डोक्यातून काढ. तो अमेरिकी सैन्याचा. तिथे वयाच्या १३व्या वाढदिवसानंतरचा दमा अपात्र ठरवतो, पण कागदपत्रं जोडून सूट मागता येते. आपल्याकडे आजार मान्य करून वर सूट द्यायची अशी खिडकी नाही. आहे ते अपील, आणि त्यात पाहतात एवढंच की पहिल्या वैद्यकीय मंडळाचं निदान बरोबर होतं का. आजार खरा असेल तर अपिलात फक्त तिकिटाचे पैसे जातात.

एसएसबीत, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या मुलाखतीत, निवड झाली की लष्करी रुग्णालयात मेडिकल होतं, चार-पाच दिवस चालतं. कानातला मळ, जादा वजन, व्हेरिकोसील (अंडकोषाजवळच्या फुगलेल्या शिरा) अशा गोष्टींवर 'तात्पुरता अनफिट' हा शेरा मिळतो. अपील मंडळापुढे ४२ दिवसांत उभं राहावं लागतं. शस्त्रक्रिया करून जखम भरायला तेवढे दिवस पुरतीलच असं नाही, म्हणून अशी दुरुस्ती एसएसबीच्या आधीच उरकावी. अपिलातही नापास झालास तर रिव्ह्यू मंडळ, दिल्लीचं आर अँड आर हे लष्करी रुग्णालय किंवा पुण्याचं एएफएमसी हे लष्करी वैद्यकीय महाविद्यालय. ते मात्र हक्काने मिळत नाही. प्रकरणात दम दिसला तरच मंजूर होतं.

आता दमा. हवाई दलाच्या नियमांत वारंवार दमा, घरघर किंवा अ‍ॅलर्जीची सर्दी झाल्याचा इतिहास हेच नाकारायचं कारण आहे. त्या दिवशी छाती स्वच्छ निघाली म्हणून सुटका होत नाही. तेव्हा तुला मुळात दमा आहे का, हे आधी ठरवू. लहानपणी सर्दीबरोबर घरघर झाली की फाइलवर सर्रास 'बाळदमा' लिहिलं जातं, आणि तो शब्द पुढे कुणी खोडत नाही.

त्यासाठी स्पायरोमेट्री, म्हणजे फुफ्फुसांची फुंकायची तपासणी, करायची. नळीत जोर लावून, छाती पूर्ण रिकामी होईपर्यंत फुंकायचं, किमान तीनदा. मग सॅल्ब्युटामॉल या श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाचे चार पफ घ्यायचे, दहा-पंधरा मिनिटं थांबून पुन्हा फुंकायचं. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १२ टक्क्यांनी आणि २०० मिलिलिटरने वाढली, म्हणजे दोन्ही जमलं, तर दम्याची शक्यता भक्कम होते. गफलती दोन होतात. सकाळी पंप घेऊन गेलास तर फरक झाकला जातो, आणि अर्धवट फुंकलंस तर नसलेला आजार दिसतो. साधा पंप चार तास आधीपासून बंद, लांब पल्ल्याचा किमान २४ तास, काही प्रकार ३६ तास. पण हे डॉक्टरांना विचारूनच.

एकदा नॉर्मल आली म्हणून निर्धास्त होऊ नकोस. दोन झटक्यांच्या मधल्या काळात दमेकऱ्याचीही नॉर्मल येते. तुला त्रास होतो तेव्हाच करू: दिवाळीच्या सुमारास गाजरगवताच्या परागांचा किंवा निफाडचा पारा खाली जातो तेव्हाचा. तरी शंका उरली तर छातीविकार तज्ज्ञ मेथाकोलिनची तपासणी सांगतील; त्यात ते औषध हुंगवून श्वासनळ्या आकसतात का ते पाहतात. हे सगळे रिपोर्ट जवळ ठेव. मंडळ स्वतःच तपासतं, बाहेरचा कागद त्यांच्यावर बंधनकारक नाही, पण अपिलाला आधार लागतो.

एक गोष्ट मला अजिबात चालणार नाही. स्टिरॉइडचा पंप तीन महिने बंद ठेवून 'मेडिकल काढायचं', असा सल्ला मैदानावर मुलं एकमेकांना देतात. त्याने आतली सूज वाढते, आणि झटका येतो तो नेमका थंडीतल्या पहाटेच्या धावण्यात. शिवाय पूर्वीच्या आजारांचा तक्ता सहीनिशी भरून घेतात. भरतीच्या अर्जात जाणूनबुजून खोटं उत्तर हा सैन्य कायदा १९५०च्या कलम ४४ खाली गुन्हा आहे.

निदान खोटं ठरलं तर आपल्या नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्राचा अर्ज भरू. एसएसबीची तयारी तिथे मोफत होते. खरं ठरलं तर ओझरचा एचएएल हा विमान कारखाना आहे, सुखोई तिथेच जुळतात. तिथलं मेडिकल वेगळं असतं, तेही आधी वाचून घेऊ.

पुढच्या शनिवारी सकाळी नऊची वेळ घेतली आहे. रात्रीच्या पंपाचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारून कळवते. तोपर्यंत काही बंद करू नकोस. त्या सकाळी दम लागला तर पंप घे, तपासणी पुढे ढकलू.

तुझी,
आई