घणसोलीला उतरणाऱ्या काकू, हे तुमच्यासाठी

काकू, तुमचं नाव आम्ही कधी विचारलंच नाही. चार-पाच महिने रोज सकाळी ठाण्याहून सुटणाऱ्या ट्रान्सहार्बर लोकलच्या लेडीज डब्यात समोरासमोर बसलो आणि माझ्या लेकीसाठी तुम्ही 'घणसोलीच्या काकू'च राहिलात. दिवाळीच्या सुट्टीनंतर तुम्ही दिसेनाशा झालात, ग्रुपमधल्या एक म्हणाल्या रिटायर झाल्या, दुसऱ्या म्हणाल्या मुलाकडे गेल्या. म्हणून इथेच लिहितेय, कोणीतरी तुम्हाला वाचून दाखवेल. तुम्ही जाताना कोडं म्हणून सोडून गेलात तो इंग्रजी शब्द लेकीला सापडलाय काकू. परवा रात्री. तेव्हापासून मला नीट झोप लागलेली नाही, तुम्हाला सांगायचं कसं याच विचारात आहे.

तुम्ही भेटलात तेव्हा काय अवस्था होती ते तुम्हाला पूर्ण माहीत नाही. लेक पाचवीत, सेमी इंग्लिश. क्लास लावला होता, फी दोन टर्मची एकदम भरून घेतलेली. तिथे फळ्यावर सात अक्षरं लिहायची, स्टॉपवॉच लावायचं आणि 2 मिनिटांत शब्द शोधा म्हणायचं. माझ्या पोरीला ते टिकटिक ऐकलं की हातच चालायचा नाही. मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं, हिच्या घरी इंग्लिश बोलत नाहीत ना, हिला हे जमायचं नाही. मला बोलावून पण तेच, वर शब्दांची लिस्ट दिली आणि पाठ करून घ्या म्हणाल्या. चुलतभावाने मोबाईलवर एक साईट दाखवली, अक्षरं टाकली की शब्दांची रांगच्या रांग बाहेर, लेकीने त्यातले चाळीस शब्द वहीत उतरवले आणि एकाचाही अर्थ तिला माहीत नव्हता. आणि मीही ओरडायचे हो तिच्यावर, ते लपवत नाही.

त्या दिवशी तिच्या मांडीवर 'एज्युकेशन'ची शीट होती, त्या अक्षरांतून 20 शब्द काढायचे. तिचे दोनच झालेले, कॅट आणि टेन, आणि डोळ्यांतून पाणी. तुम्ही शीटकडे बघितलंत आणि काही बोलायच्या आधी मनगटावरचं घड्याळ काढलंत. छोट्या डायलचं, स्टीलच्या पट्ट्याचं. रुमालात गुंडाळलंत, पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकलंत, चेन ओढलीत. "हं, आता इथे वेळ बघणारं कोणी नाही. घणसोली येईल तेव्हा येईल." तुमच्या मनगटावर पट्ट्याचा फिकट वळ उमटला होता, लेक कितीतरी वेळ त्याच्याकडेच बघत होती, आणि मग तिचे खांदे खाली आले. मी आई आहे तिची, मला दिसलं ते. क्लासमध्ये इतके महिने कोणाला सुचलं नाही आणि तुम्हाला ते एका मिनिटात कळलं! त्यानंतर रोज तुम्ही बसल्या बसल्या आधी घड्याळ काढायचात. बाकी सगळं तुम्ही शिकवलंत ते आहेच, पण मला विचाराल तर त्या चेनच्या आवाजानेच माझ्या पोरीचं कुलूप उघडलं.

मग मेडिकलच्या बिलामागे तुम्ही अक्षरं गोलात लिहून दिलीत. ओळीत लिहिली की डोळा तोच शब्द परत परत वाचतो, गोलात सुरुवात कुठली तेच कळत नाही, म्हणून नवीन दिसतं, असं म्हणालात. ऐरोली येईपर्यंत डान्स निघाला, नोट निघाला, आईस निघाला. 'एज्युकेशन' या एका शब्दात पाचही स्वर आहेत हे दाखवलंत, आणि हीच नऊ अक्षरं फिरवली की 'ऑक्शन्ड' होतो आणि 'कॉशन्ड' पण होतो म्हणालात तेव्हा शेजारच्या दोघी पण मान वाकवून बघायला लागल्या.

पुढे स्टेशनच्या पाट्याच आमची वही झाल्या. ठाण्याच्या इंग्रजी स्पेलिंगच्या पाच अक्षरांत हेन, हॅट, हीट, नीट, देन, आणि इंग्रजीत 'थेन' म्हणजे जुन्या स्कॉटलंडमधला सरदार हे कळल्यावर लेक आठवडाभर आम्ही सरदारांच्या गावात राहतो म्हणत फिरत होती. ऐरोलीत रेल आणि ऑइल, रबाळ्यात एबल आणि बेअर. अक्षरांच्या सोंगट्या जोडून शब्द करायच्या स्क्रॅबल खेळात ई च्या सोंगट्या 12 आणि क्यू ची एकच का, तर तो खेळ काढणाऱ्या बट्स नावाच्या आर्किटेक्टची मंदीत नोकरी गेलेली आणि त्याने वर्तमानपत्र घेऊन अक्षरं मोजली होती, ही गोष्ट ती अजून आजीला सांगते. 'एस ला आधी हात लावायचा नाही, तो कोणाच्याही मागे उभा राहतो', 'आय-एन-जी दिसलं की उचलून शेवटी ठेवायचं', 'एच एकटा बसत नाही, त्याचा जोडीदार शोध' ही सगळी तुमचीच वाक्यं, ती आता तुमच्याच आवाजात म्हणते.

या डब्यात मी बारा वर्षं प्रवास करतेय. चौथ्या सीटवरून भांडणं बघितलीत, तसंच अनोळखी बाईच्या झोपलेल्या बाळाचं डोकं पदराने झाकणाऱ्या बायका पण बघितल्यात. तुम्ही त्यातल्या. कोणी सांगितलं नव्हतं, पैसे नव्हते, तुमचीही दिवसातली तेवढीच पंधरा-वीस मिनिटं शांत बसायची असतील, ती आमच्या पोरीला दिलीत.

आता तो शब्द. शेवटच्या भेटीत उतरता उतरता तुम्ही म्हणाला होतात, "घणसोलीची आठही अक्षरं वापरून एक शब्द होतो, मी सांगणार नाही." परवा रात्री जेवण झाल्यावर ती स्वयंपाकघराच्या फरशीवर कागदाचे आठ तुकडे घेऊन बसली होती. आय-एन-जी उचलून बाजूला ठेवलं. एच ला एस शेजारी बसवलं. ओ आणि ए ला चिकटवलं, कारण 'बोट'मध्ये तसंच असतं. उरला एल, तो त्यांच्या मागे. शोल! असा शब्द असतो हेच तिला माहीत नव्हतं, पळत जाऊन डिक्शनरी काढली. 'शोल' म्हणजे उथळ पाणी, आणि माशांचा थवा पण. मग शेवटी ठेवलेलं आय-एन-जी जोडलं, 'शोलिंग'.

घणसोलीच्या शेजारीच खाडी, गाव आगरी-कोळ्यांचं, आणि त्या इंग्रजी स्पेलिंगच्या पोटात माशांचा थवा. काकू, तुम्हाला हे माहीत होतं ना, म्हणूनच सांगितलं नाहीत!

मेडिकलचं ते बिल तिने कंपासपेटीत ठेवलंय. आम्ही अजून त्याच गाडीला, त्याच डब्यात, खिडकीच्या बाजूला असतो. घणसोलीला गाडी थांबली की ती उठून दाराकडे बघते.