पद कापलं म्हणून रुसलेल्या मुलीस

चि. सानिकास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू रागातच होतीस, म्हणून मी फार बोलले नाही. दुसऱ्या अंकातलं तुझं पद दिग्दर्शकांनी निम्म्यावर आणलं, ताना काढल्या, आणि ‘मग एवढं गाणं शिकले कशाला?’ असं तू विचारलंस. मला त्यांचं म्हणणं पटतं, हे आधीच सांगून टाकते. आता चिडून पत्र मिटू नकोस, जुन्या काळच्या गायिका-नटी ज्योत्स्नाबाई भोळ्यांबद्दल सांगायचंय.

बाई मूळच्या गोव्याच्या, १९१४ चा जन्म. लहानपणीच मुंबईला थोरल्या बहिणीकडे आल्या. ही बहीण म्हणजे गिरिजाबाई केळेकर, स्वतः नावाजलेल्या गायिका. म्हणजे घरात गाणं होतंच, तालीमही शास्त्रीयच. पण त्या रंगभूमीवर आल्या तेव्हा दिवस फिरले होते. बोलपट आले होते, नाटक मंडळ्यांना उतरती कळा लागली होती. त्याआधीचा थाट वेगळा: जुन्या ‘संगीत सौभद्रा’त शंभरावर पदं. सुभद्रा झालेल्या बालगंधर्वांना वन्समोअर मिळत गेले की नाटक पहाटेपर्यंत चालायचं. लोक तृप्त होऊन घरी जात, त्यात खोटं काही नाही. मला मात्र नेहमी वाटतं, चौथ्या वन्समोअरला समोर सुभद्रा उरत नसणार, गंधर्वच उरत असणार.

१९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक आणलं, त्यात ज्योत्स्नाबाई होत्या. पदं मोजकी, चाली केशवराव भोळ्यांच्या, भावगीताच्या अंगाने जाणाऱ्या. बायकांच्या भूमिका बायकांनीच केल्या. (हिराबाई बडोदेकर आणि त्यांच्या बहिणी त्याआधीच रंगमंचावर उभ्या राहिल्या होत्या, हे विसरायचं नाही. आपल्याकडे ‘पहिली’ म्हणायची फार घाई असते.) बाई तेव्हा एकोणीस वर्षांच्या, केशवरावांशी लग्न झालेलं. गळ्यात तान असताना ती आवरायची, हे त्या वयात सोपं नसतं. ते तुझ्यावरूनच दिसतंय.

मग १९४२ साली नाटककार रांगणेकरांचं ‘कुलवधू’, त्यात बाई नायिका भानुमती झाल्या. ही भानुमती सिनेमात काम करते, तिचं नाव मोठं होत जातं आणि ते नवऱ्याच्या मनात सलत राहतं. अशी बाई दिवाणखान्यात उभी राहून अर्धा तास आळवत बसली, तर कोण विश्वास ठेवणार? संगीत मास्टर कृष्णरावांचं. गायक भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत मुरलेले. पद कसं पसरवायचं हे त्यांना कुणी शिकवायला नको. त्यांनीच इथे चाली आटोपशीर बांधल्या. ‘बोला अमृत बोला’ ऐक. राग भैरवी आहे, बैठकीत तिचा पसारा कितीही मांडता येतो. बाई ती अशी गातात की शब्द आधी पोचतो आणि सूर त्याच्याबरोबर येतो. ते पद आजही लोकांच्या तोंडी आहे.

आता तुझ्या पदाचं. त्या प्रवेशात तुझी नायिका भावाला अडवते आहे. तो दाराशी उभा, आणि तू तान घेतेस! तेवढ्या वेळात तो स्टेशनवर पोचेल गं. ताना फुकट जात नाहीत, बैठकीत घे की भरपूर. इथे त्या तालमीचा उपयोग वेगळा: श्वास कुठे घ्यायचा ते कळतं, आणि चालत-वळत गातानाही सूर हलत नाही. आणखी एक, पदाआधीचं वाक्य तू फार खालच्या आवाजात सोडतेस, मग ऑर्गनचा सूर आला की एकदम वर उडी मारावी लागते. ते वाक्यच थोडं वर ने. ऑर्गनवाल्या काकांना सांग, वाक्य संपायच्या आत सूर देऊ नका.

पहिल्या अंकातलं पद कापायला लागले, तर मात्र भांड. ते लहानच आहे, आणि त्याशिवाय ही मुलगी कोण ते कळणारच नाही. शुभारंभाला आम्ही दोघं येतोय. बाबांना पुढच्या रांगेत बसवू नकोस, ते तुझ्याबरोबर मोठ्याने ताल धरतात.

तुझी,
आई