आई-बाबा, प्रवेश घेतलाय

तीर्थरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला गेलं की बाबा "हं, मग?" म्हणून गप्प बसतात आणि आई फोन ओढून घेऊन दुसराच विषय काढते, म्हणून लिहितेय. मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना छातीत धडधड नको. नोकरीचा राजीनामा दिलाय. विद्यापीठात प्रवेश घेतलाय आणि फी भरून झालीय. विषय अर्थशास्त्र, आणि त्याच्या जोडीला वित्तीय तंत्रज्ञान, ज्याला सगळे फिनटेक म्हणतात. आधी विचारलं असतं तर तुम्ही दोघं "तुला योग्य वाटेल ते कर" म्हणाला असतात आणि मग आठ दिवस घरात कुणाला धड झोप लागली नसती. तो त्रास मुद्दाम वाचवलाय.

घराच्या कागदांना हात लावायचा नाहीये, हेही लगेच सांगते, कारण बाबा आत्ता कपाटाकडे बघत असतील. दादाकडून काही घेतलेलं नाही. थोडी शिष्यवृत्ती आहे, बाकी माझी साठवण. पहिल्या पगारापासून आईने जी बचत बळेच सुरू करायला लावली होती आणि जिच्यावरून मी इतकी कुरकुर केली होती, तीच कामाला आली. त्याबद्दल आई पुढची दहा वर्षं ऐकवणार, ते कबूल.

आता बाबांचा प्रश्न. बरी चाललेली नोकरी सोडली का?

कंपनी फोनवरून छोटी कर्जं देते एवढं तुम्हाला माहीत आहे. मी तिथे काय करते ते मात्र तुम्ही "ती कॉम्प्युटरवर असते" एवढ्यावर आटपता. माझ्या पडद्यावर एकेक अर्ज यायचा. वरच्या कोपऱ्यात शून्य ते एकच्या मधला एक आकडा, म्हणजे हा माणूस कर्ज बुडवण्याची शक्यता किती. त्याच्याखाली हिरवी नाहीतर लाल पट्टी. मध्यंतरी एका बाईंचा अर्ज आला. शिवणकाम करणाऱ्या, पगाराची पावती नाही, आधी कुठून कर्ज नाही, त्यामुळे बुडवण्याचा प्रश्नच नाही. खात्यात दर आठवड्याला थोडे थोडे पैसे येत होते, भाडं तारखेच्या आधी जात होतं. आकडा होता ०.४१ आणि पट्टी लाल. मी वरच्यांना विचारलं, का? म्हणाले, मॉडेल म्हणतंय, म्हणजे जुन्या कर्जांच्या नोंदींवरून हा आकडा काढणारा प्रोग्रॅम. मॉडेल का म्हणतंय? त्याचं उत्तर त्या मजल्यावर कुणाकडेच नव्हतं. ज्यांनी ते बांधलं त्या मुलांना गणित उत्तम येतं, पण कर्ज म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. आणि ज्यांना कर्ज म्हणजे काय हे कळतं, त्यांना मॉडेलच्या पोटात डोकावता येत नाही. मला दोन्ही यायला हवंय. एवढंच कारण आहे खरं तर, पण तुम्ही एवढ्यावर ऐकणार नाही म्हणून पुढे लिहिते.

बाबा, तुम्ही कर्जाच्या टेबलावर होतात तेव्हा म्हणायचात की कागद खोटं बोलतो, माणूस बोलता बोलता खरं सांगून जातो. त्यालाच अर्थशास्त्रात माहितीची विषमता म्हणतात. अर्जदाराला स्वतःबद्दल जे ठाऊक असतं ते बँकेला नसतं. जॉर्ज अ‍ॅकरलॉफने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावरून हे मांडलं. मग १९८१ मध्ये स्टिग्लिट्झ आणि वाइस यांनी दाखवलं की अशा वेळी बँक व्याज वाढवून सुटू शकत नाही. व्याज वाढवलं की सरळमार्गी माणूस मागे फिरतो आणि जुगारी वृत्तीचा पुढे येतो. म्हणून बँक व्याज न वाढवता काही लोकांना सरळ "नाही" म्हणते, जास्त व्याज द्यायची त्यांची तयारी असली तरी. तुम्ही हे रोज करत होतात. तुम्ही त्यावर पेपर लिहिला नाहीत आणि अ‍ॅकरलॉफ, स्टिग्लिट्झ यांना २००१ मध्ये नोबेल मिळालं, एवढाच फरक.

पण आई, तुझ्या कर्जाच्या अर्जावर बँकेने बाबांची सही मागितली होती. नोकरी तुझी, पगार तुझा. तुम्ही दोघं अजूनही त्यावर वेगवेगळं बोलता, म्हणून मी पुढे जात नाही. फक्त इतकंच की हे सगळीकडे होतं. अमेरिकेतसुद्धा १९७४ चा कायदा येईपर्यंत बायकांकडे नवऱ्याची सही मागायची पद्धत होती. मग कायदे बदलले, पण जुन्या नोंदी तशाच राहिल्या, आणि यंत्र शिकतं ते त्या नोंदींवरूनच. ज्यांना पूर्वी कर्ज दिलंच नाही, त्यांनी ते फेडलं असतं की नाही याची नोंद कुठून येणार? टेबलापलीकडच्या माणसाशी तुला निदान भांडता तरी आलं होतं. चांगलं भांडली होतीस म्हणे. त्या शिवणकामवाल्या बाईंनी कुणाशी भांडायचं?

लगेच असं समजू नका की मी यंत्रांच्या विरोधात आहे. यंत्र कधी कधी फार भारी काम करतं. जर्मनीतल्या एका ऑनलाइन दुकानाच्या अडीच लाखांहून जास्त खरेद्यांवर एक अभ्यास झाला, तो २०२० मध्ये छापून आला. फोन कुठल्या बनावटीचा, ऑर्डर किती वाजता दिली, ईमेलचा पत्ता टाइप करताना चूक झाली का, असल्या फुटकळ गोष्टींवरून कोण पैसे बुडवील याचा अंदाज बांधला. तो अंदाज, लोकांची कर्जफेड नोंदवून गुण देणाऱ्या पतमापन संस्थांच्या गुणांइतकाच चांगला निघाला. म्हणजे ज्याच्याकडे एकही कागद नाही त्यालाही दार उघडू शकतं. रात्री-बेरात्री खरेदी करणारे जास्त बुडवतात, हेही त्यात निघालं. बाबा, तुम्ही झोप येत नाही म्हणून रात्री दोनला फोनवर काही ना काही मागवत बसता, ते आता बंद.

आणि तुमच्या शाखेबाहेर लागलेली ती रांग. तुम्ही त्या दिवसाबद्दल कधी फारसं बोलला नाहीत, पण तुम्ही घरी कसे आलात ते मला आठवतंय. बँक चांगली असली तरी सगळे एकदम पैसे काढायला आले तर ती कोसळते, आणि सगळे येतील या भीतीनेच सगळे येतात, हे डायमंड आणि डिबविग यांनी १९८३ मध्ये समीकरणात मांडलं. त्यांना २०२२ मध्ये नोबेल मिळालं आणि पुढच्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेत ते समीकरण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलं. ९ मार्च २०२३ या एका दिवसात ग्राहकांनी ४२ अब्ज डॉलर काढायच्या सूचना दिल्या आणि दुसऱ्या दिवशी बँक बंद झाली. बहुतेकांनी ते फोनवरून आणि कॉम्प्युटरवरून केलं. तुम्ही तेव्हा बाहेर जाऊन लोकांशी बोललात, वेळ मिळवलात. इथे जाऊन बोलायला रांगच नव्हती. मग नियम कसे बदलायचे, वेळ कुठून आणायचा? हा प्रश्न निव्वळ संगणकवाल्याला सुटणार नाही आणि निव्वळ अर्थशास्त्रवाल्यालाही नाही. म्हणून जोडविषय घेतला. बाबा, आता पटतंय का थोडं?

आईला हे सगळं रुक्ष वाटेल, म्हणून तिच्यासाठी एक. केनियामध्ये २००७ मध्ये एम-पेसा सुरू झालं, साध्या बटणांच्या फोनवरून पैसे पाठवायची सोय. तिथे वर्षानुवर्षं घरोघरी फिरून अभ्यास करणाऱ्या दोन अर्थतज्ज्ञांनी २०१६ मध्ये लिहिलं की या सोयीमुळे सुमारे १ लाख ९४ हजार कुटुंबं, म्हणजे देशातली जवळजवळ २ टक्के घरं, दारिद्र्यातून वर आली. फायदा जास्त झाला तो बाईच्या जिवावर चालणाऱ्या घरांना. आजारपण आलं, पीक गेलं की लांबच्या नातेवाइकाकडून चार पैसे लगेच येऊ लागले. आत्याच्या वेळी पैसे पोचायला किती दिवस लागले होते ते तुला ठाऊक आहेच.

दादाला सांगा, मी बिटकॉईन शिकायला चाललेली नाही. तेही असणार, पण एका भागापुरतं. बाकी सूक्ष्म आणि समग्र अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिणं, बँकांचे नियम, आणि शेवटी प्रबंध. माझा प्रबंध कशावर असणार हे तुम्ही ओळखलंच असेल. सगळ्यात अवघड म्हणतात ते इकॉनॉमेट्रिक्स, म्हणजे अर्थशास्त्रातली विधानं आकडेवारीवर तपासून बघायचं शास्त्र. त्याची पुस्तकं मी आत्ताच वाचायला घेतली आणि हसू आलं. प्रत्येक समीकरणाच्या शेवटी एक पद असतं, जे मोजता आलं नाही ते सगळं त्यात ढकलायचं. आई, हे अगदी तुझ्या हिशोबाच्या वहीतलं "इतर" आहे. रविवारी संध्याकाळी बाबा वही घेऊन बसायचे आणि "इतर"वर बोट ठेवून भुवया उंचवायचे, तू खिडकीबाहेर बघायचीस, आणि मी मध्ये बसून पेन्सिलीला टोक काढत असायचे. माझी सहलीची वर्गणी, रंगपेटी, मावशीला गुपचूप दिलेले पैसे, सगळं त्या "इतर"मध्ये गेलं होतं. बाबांना सगळं माहीत होतं, आई. मला त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं, कुणाला सांगू नको म्हणून.

बेरीज जुळली की बाबा मला वहीखाली रेघ मारायला द्यायचे. दोन रेघा, पट्टीने. अजूनही मी कुठलाही तक्ता पुरा केला की शेवटी दोन रेघा मारते. ऑफिसातल्या पोरांना ते विचित्र वाटायचं.

पगार लगेच वाढेल असं मी म्हणणार नाही. मध्यवर्ती बँका, नियामक संस्था, पेमेंट कंपन्या यांना अशी माणसं लागतात, एवढं बघून ठेवलंय. वर्गातली मुलं माझ्यापेक्षा लहान असतील, त्याचंही मला काही वाटत नाही. आणि तो दुसरा विषय या पत्रात नको. त्याला वेळ आहे.

राहायची सोय चांगली आहे. खोली छोटी आहे पण स्वतंत्र, खिडकी मोठी, ऊन येतं. गरम पाणी चोवीस तास. गादी बरी आहे का हे मी आधी विचारून घेतलंय, कारण माझी पाठ आईला माझ्यापेक्षा जास्त दुखते. जेवणघर त्याच इमारतीत, दवाखाना आवारातच, आणि रात्री ग्रंथालयातून परत यायला विद्यापीठाची बस आहे. पांघरूण जाड घेतलंय. तरी आई तिचं ते जुनं पांघरूण देणारच असेल तर दे, मी नाही म्हणणार नाही. खरं म्हणजे हवंच आहे.

लांब आहे, हे मलाही कळतंय. बाबांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचंय आणि आईचा गुडघा असा. म्हणून ऑपरेशन मी निघायच्या आधीच करून घ्यायचं. डॉक्टरांशी बोलले आहे, "हिवाळ्यात बघू" चालणार नाही. दादा-वहिनी जवळ आहेत याचा अर्थ त्यांना न सांगता सगळं एकट्याने करायचं असा नाही.

बाकीचं नीट वाचा. आईने गुडघ्याचे व्यायाम सकाळी करायचे, टीव्ही लावून का होईना, पण करायचे. बाबांनी रक्तदाबाची गोळी बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही; बरं वाटतंय ते गोळीमुळेच. सगळ्या खात्यांवर वारसाचं नाव आहे का ते बघा. बाबांनी आयुष्यभर लोकांना हे सांगितलं, स्वतःच्या खात्यांचं मला शंका आहे. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्यालाही नाही, पोलीस म्हणणाऱ्याला तर नाहीच. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार आहेत. फोनवर पडदा दाखवायला सांगणारं कुठलंही अ‍ॅप घ्यायचं नाही. बाबा, तुम्ही बँकेत होतात म्हणून तुम्हाला कुणी फसवणार नाही असं समजू नका. बँकेतली माणसंही फसतात, कारण त्यांना समोरच्याची भाषा ओळखीची वाटते.

आणि आता आवाजाची नक्कलही करतात. माझ्या आवाजात कुणी रडत पैसे मागितले तर घाबरायचं नाही. फोन ठेवायचा आणि माझ्या नंबरवर स्वतःहून करायचा. तरी शंका आली तर जिन्याखाली पिल्लं घातलेल्या त्या मांजरीचं नाव विचारायचं. ते इथे लिहीत नाही.

शनिवारी घरी येतेय. तेव्हा रागवायचं असेल तर रागवा, पण दोघांनी एकदम नको.

तुमची,
मनू

ता. क. पत्र आधी बाबांच्या हातात पडेल. दादाला फोन लावण्याआधी ते आईला पूर्ण वाचू द्यावं. आणि आई, "इतर"चं मी सांगितलं म्हणून बाबांवर चिडू नकोस, मावशीचे पैसे परत आल्याचं तू त्यांना कुठे सांगितलं होतंस?