सेगा हरली ती ड्रीमकास्टच्या आधीच

महोदय,

व्हिडिओ गेमच्या जुन्या यंत्रांविषयी लिहिताना, सेगा या जपानी गेमयंत्र कंपनीबद्दल ‘सोनीचे प्लेस्टेशन २ आले आणि सेगा बुडाली’ असे एका वाक्यात उरकले जाते. नव्वदच्या दशकात मी तपकीर गल्लीतील एका दुकानाच्या काउंटरवर काही वर्षे काम केले आहे. गिऱ्हाइकाचा आणि विक्रेत्याचा विश्वास उडाला की चांगला मालही पडून राहतो, हे तेथे डोळ्यांनी पाहिले असल्यामुळे मला हे विधान फार अपुरे वाटते.

मेगा ड्राइव्ह या घरी टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्राने १९८८ पासून सेगाला नाव मिळवून दिले. ते यंत्र घेतलेल्यांना कंपनीने आधी मेगा-सीडी हे जोडयंत्र विकले, नंतर नोव्हेंबर १९९४ मध्ये अमेरिकेत ३२एक्स हे दुसरे. आणि त्याच महिन्यात जपानमध्ये सॅटर्न हे संपूर्ण नवे यंत्र आणले, म्हणजे ज्याने ३२एक्सवर पैसे घातले त्याचा माल घेतल्या दिवसापासूनच जुना ठरला. यावर कडी म्हणजे, अमेरिकेत सॅटर्न २ सप्टेंबर १९९५ रोजी येणार असे जाहीर केलेले असताना ११ मे रोजीच ते मोजक्या दुकानांत विक्रीला ठेवले गेले. वगळल्या गेलेल्या केबी टॉइज या खेळण्यांच्या दुकानसाखळीने पुढे सॅटर्न ठेवायलाच नकार दिला, आणि सप्टेंबरच्या हिशेबाने काम करणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांचे गेम तयार नसल्यामुळे ३९९ डॉलरच्या यंत्रावर खेळायला फारसे काही नव्हते. सॅटर्नच्या या अचानक विक्रीची घोषणा ज्या ई३ या व्हिडिओ गेम प्रदर्शनात झाली, तेथेच सोनीने प्लेस्टेशनची किंमत २९९ डॉलर सांगितली. सॅटर्नमधील दोन मुख्य प्रोसेसरमुळे गेम लिहिणे किचकट होते हे खरे, पण किचकट काम सरावाने जमते. डावलला गेलेला दुकानदार पुन्हा आपला माल मांडेल याची खात्री नसते.

सॅटर्ननंतर आलेले ड्रीमकास्ट हे माझ्या मते सेगाचे सर्वोत्तम यंत्र. त्यात इंटरनेटला जोडणारा मोडेम आतच बसवलेला होता आणि सप्टेंबर १९९९ मध्ये ते अमेरिकेत १९९ डॉलरला मिळत होते. तरीही इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या गेम काढणाऱ्या बड्या कंपनीने त्यासाठी गेम काढले नाहीत, आणि पूर्वी पोळलेले अनेक ग्राहक डीव्हीडीही चालवणाऱ्या प्लेस्टेशन २ ची वाट पाहत थांबले असावेत. ३१ जानेवारी २००१ रोजी सेगाने मार्चअखेर ड्रीमकास्टचे उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले. अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी मृत्यूपूर्वी स्वतःचे कोट्यवधी डॉलरचे शेअर कंपनीला देऊन टाकले, म्हणून ती निदान गेम तयार करणारी कंपनी म्हणून तगली.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे