हरिपूरच्या मावशींना

मावशी, शिरसाष्टांग नमस्कार.

कादंबरी छापून आली. आभाराच्या पानावर तुमचं नाव घालायचं होतं, तर तुम्ही हात झटकलात. "नाव बिव नगं. माजं काय हाय त्यात?" म्हणून घातलं नाही. पण तुमचं त्यात काय आहे ते चार लोकांना कळायलाच हवं, म्हणून हे पत्र उघड लिहितेय. नात वाचून दाखवेलच.

आठ वर्षांचा पोरगा, त्याची आजी आणि हळदीच्या हमालीवर चालणारं घर, एवढं घेऊन मी तुमच्या दारात आले होते. मी सांगलीत वाढलेली, यार्डाकडून येणारा हळदीचा वास लहानपणापासून नाकात बसलेला. वाटायचं, आपल्याला हे सगळं ठाऊक आहे. संध्याकाळी नात एकेक प्रकरण वाचायची, तुम्ही लसूण सोलत ऐकायचात. माझ्या कादंबरीत पेवाचं, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठाराचं, तोंड उघडलं की पोरगा दोर धरून सरसर आत उतरायचा. ते वाक्य आलं आणि पाकळी तुमच्या बोटांत तशीच राहिली.

"लेकरू मेलं की गं!"

मग तुम्ही सांगितलंत. पेव महिनोन् महिने बंद असतं, आतली हवा मेलेली असते. तोंड उघडून आधी काही तास थांबायचं, मग दोराला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर कुणीही उतरायचं नाही. अंगणातल्या मातीत काडीनं पेव काढून दाखवलंत. तोंड जेमतेम एक माणूस जाईल एवढं, खाली रांजणासारखं मोठं पोट. म्हणून वर बसलेल्याला आतला माणूस दिसत नाही, त्याला हाका मारत राहावं लागतं. मालक आत असायचे तेव्हा तुम्ही तोंडाशी बसून कशी हाक द्यायचात, तेही करून दाखवलंत. गुडघ्यांवर ओणवं होऊन, तोंडाशी दोन्ही हातांचा द्रोण करून. नात वाचायची थांबली. मी लिहून घ्यायचं विसरले.

आता कादंबरीत पोरगा उतरत नाही, बाप उतरतो. आजी तोंडाशी ओणवी होऊन हाक देते आणि पोरगा तिचा पदर घट्ट धरून बसतो.

पण सगळ्यात मोठं ऋण वेगळंच. माझ्या कादंबरीतली आजी स्वतःची भाकरी नातवाला द्यायची आणि "मला भूक नाही" म्हणायची. लिहिताना माझेच डोळे भरून आले होते. तुम्ही म्हणालात, "तुजी म्हातारी लईच ग्वाड हाय. घरात पीठ न्हाई आन् ती वरडत बी न्हाई?" मग सासूबाईंची गोष्ट सांगितलीत. तुमचा थोरला शेजारी जेवून आला म्हणून त्यांनी त्याला फोकानं मारलं होतं. आणि सकाळी उठून त्याच शेजाऱ्यांकडे मापटंभर जोंधळे देऊन आल्या, घरात दोनच मापटी उरलेली असताना. त्या दिवशी भाकरी थापताना त्या थोरल्याशी बोलत नव्हत्या, पण पहिली भाकरी त्याच्याच ताटात पडली.

घरी आले आणि आजीची सगळी प्रकरणं बाजूला ठेवली. तीन महिने नव्यानं लिहिली. आता ती चिडते, शिव्या देते, मोजून वाढते. नातवावर तिचा किती जीव आहे हे मला कुठंच लिहावं लागलं नाही. जोंधळ्यांची गोष्ट तुम्ही वापरू दिलीत, त्याबद्दल किती आभार मानू?

२००५ च्या पुराचं प्रकरण मात्र तुम्ही पुरतं ऐकलं नाहीत. पेवांत पाणी शिरलं, हळद कुजली, कितीतरी पेवं ढासळली, इथवर नात आली आणि तुम्ही उठून आत गेलात. मी काही विचारलं नाही. २०१८ ला सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, याचा मला मनापासून अभिमान आहे. पण पेवाच्या तोंडाशी ओणव्या झालेल्या बाया मला कुठल्या कागदात सापडल्या नाहीत. त्या तुमच्या अंगणात भेटल्या.

रविवारी तुमची प्रत घेऊन येते. पुराच्या पानांत खूण म्हणून कागद घालून ठेवला आहे. नातीला सांगा, तिथवर वाच. पुढचं ऐकायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

तुमची,
कादंबरीवाली पोर