आयब्रोचे 40 रुपये

ताई,

सप्रेम नमस्कार. तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. वेंगुर्ल्यातल्या ज्या बायका तुमच्याकडे येतात, त्या ओळखतीलच.

नोव्हेंबरात मी आले ती फक्त आयब्रो करायला. उकाड्यातसुद्धा डोक्यावर ओढणी. दोरा दातात धरून तुम्ही ती मागे सारलीत आणि थांबलात. मग पन्नासेक केसांची एक बट चिमटीत धरून मुळापासून टोकापर्यंत हलकेच ओढलीत. हातात आलेले केस टॉवेलवर ठेवून मोजलेत. बारा! मला वाटलं, आता हेअर स्पाचं पॅकेज गळ्यात पडणार. तुम्ही म्हणालात, "ह्यां काम माझां न्हय गो बाय. आदी रगत तपासून घे. मधी ताप-बिप इल्लो काय तुका?"

आला होता. ऐन गणपतीत डेंग्यू. पण केस गळायला लागले दिवाळीत, म्हणून त्या तापाचा संबंध मी लावलाच नव्हता. मी दोष देत होते बोअरिंगच्या पाण्याला, सासूबाई नजरेला. एका दुकानातून 900 रुपयांचं तेलही आणून झालं होतं. आणि गळतात म्हणून मी न्हायचंच टाळायचे. मग आठ दिवसांनी न्हाणीच्या जाळीवर जो पुंजका दिसायचा, तो पाहून रडू यायचं.

स्किनच्या डॉक्टरांकडे गेले, तर त्यांनीही पहिल्यांदा तुमच्यासारखीच बट ओढली! त्याला पुल टेस्ट म्हणतात म्हणे. पन्नास-साठातले सहाहून जास्त केस हातात आले तर गळती चालू आहे असं समजतात. डोक्यावर लाखभर केस असतात, दिवसाला 50 ते 100 गेले तरी ते नेहमीचंच. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, उपाशी राहून वजन उतरवणं, असं काही झालं की खूपसे केस एकदमच वाढायचे थांबतात आणि दोन-तीन महिन्यांनी मिळून गळतात. गणपती ते दिवाळी, हिशेब बरोब्बर जुळला. आणि न्हाताना जातात ते केस आधीच सुटलेले असतात, न धुता ते वाचत नाहीत.

पण रक्तात आणखी एक गोष्ट निघाली. थायरॉइड ठीक, हिमोग्लोबिन कमी, 10.2 आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, फक्त 9. डॉक्टरांनी विचारलं, "पाळीत जास्त जातं का?" दोन वर्षं जात होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही. बाईने ते सोसायचंच असतं, असं आमच्या घरात गृहीत. केस गळाले नसते तर ते तसंच चाललं असतं, ताई. आता त्याचेही उपचार चालू आहेत.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. जेवणावर लगेच चहा बंद, कारण चहाने अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. (ही सवय मोडताना गोळ्यांपेक्षा जास्त त्रास झाला.) तिसऱ्यांमध्ये, म्हणजे खायच्या शिंपल्यांत, लोह असतं कळल्यावर सासूबाईंनी आठवड्याला त्यांचं सुकं करायचं मनावरच घेतलं. नजर काढणंही चालूच आहे, ते असो.

माझ्या जावेलाही मी बरोबर नेलं. तिचा प्रकार वेगळा. तिची गळती दिसत नाही, पण मधला भांग वर्षागणिक रुंदावतोय, कपाळाची रेषा मात्र जागच्या जागी. ते बहुधा अनुवंशिक. तिला मिनॉक्सिडिल नावाचं केसांचं औषध लावायला दिलंय, आणि सुरुवातीला थोडे जास्तच गळतील, घाबरून सोडू नका, असं आधीच बजावलं. चार-सहा महिने धीर धरायचा. ती धरतेय, कुरकुरत.

माझ्या कपाळाजवळ आता बोटभर केस उभे राहिलेत. वेणीत बसत नाहीत, तेल लावलं तरी फिसकारतात. महिन्याला साधारण सेंटिमीटरभरच वाढतात, तेव्हा घाई करून उपयोग नाही. पण परवा लग्नात अबोलीचा वळेसर माळला, तो पिनेला धरून राहिला. दिवाळीत तो घसरून पाठीवर आला होता आणि मी तिथूनच घरी परतले होते.

पॅकेज खपवायची संधी समोर असताना तुम्ही ते खपवलं नाहीत. त्या दिवशी माझा चेहरा बघून आयब्रोचे पैसेही घेतले नाहीत.

चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात येते. ते 40 रुपये घेऊन येते, नको म्हणू नका.

तुमची,
ओढणीवाली