रुवेन्झोरीच्या शूटबद्दल मन्याला

पुणे

प्रिय मन्या,

आपल्या हिमनद्यांवरच्या फिल्मसाठी किलिमांजारो सोडून रुवेन्झोरी का आणि ड्रोन का नको, असं तू विचारलं आहेस. फोनवर या गोष्टी निवांत बोलता येत नाहीत, म्हणून सविस्तर लिहितो. पत्र लांबणार आहे, पण पूर्ण वाच. जानेवारीत कॅमेरा तुझ्या हातात असणार आहे.

किलिमांजारो मला आवडत नाही असं नाही. पण तो डोंगर सपाट माळावर एकटा उभा आहे, लांबून दिसतो आणि त्याच्या बर्फाचे फोटो जगभर पोचलेत. रुवेन्झोरीचं उलट आहे. युगांडा आणि काँगोच्या सीमेवरची ही रांग वर्षातले बहुतेक दिवस ढगात असते. पायथ्याच्या कासेसे गावात आठवडाभर राहिलं तरी शिखर दिसेलच याची खात्री नाही. टॉलेमीने नाईलच्या उगमाशी ज्या 'चंद्राच्या पर्वतां'चा उल्लेख केला ते हेच, असं बरेच जण मानतात. सर्वांत उंच मार्गेरिटा शिखर ५१०९ मीटर आहे, म्हणजे आफ्रिकेत किलिमांजारो आणि माउंट केनियानंतर तिसरं. १९९१ साली इथे राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९९४ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं. तरी आपल्याकडच्या दहा ट्रेकर्सना विचार, नऊ जणांनी नाव ऐकलेलं नसतं. इतकं बर्फ कोणाच्या नजरेत न येता संपत चाललंय, हीच गोष्ट मला फिल्ममध्ये सांगायची आहे.

ती सांगायचा रस्ता आपल्याला व्हितोरियो सेल्लाने करून दिलाय. १९०६ च्या जून महिन्यात इटलीच्या ड्यूक ऑफ अब्रुझीची मोहीम इथल्या मुख्य शिखरांवर पहिल्यांदा पोचली. सेल्ला हा त्या मोहिमेचा छायाचित्रकार. काचेच्या प्लेट्स आणि जड कॅमेरा घेऊन तो त्या चिखलातून आणि पावसातून वर गेला आणि असे फोटो काढून आणले की आजचे हिमनदी-अभ्यासकसुद्धा तेच पुरावा म्हणून वापरतात. फिल्मचा कणा हा असू दे: सेल्ला जिथे उभा होता तिथेच कॅमेरा लावायचा, तीच चौकट धरायची आणि ढग उघडेपर्यंत थांबायचं.

ड्रोन नको म्हणतो ते मुख्यतः यासाठी. सेल्लाचा कॅमेरा जमिनीवर, माणसाच्या उंचीवर होता. शंभर मीटर वरून घेतलेलं चित्र त्याच्या फोटोशेजारी ठेवलं तर बघणाऱ्याला तुलना करता येत नाही, नुसता देखावा दिसतो. शिवाय युगांडात ड्रोन न्यायचा तर नागरी उड्डाण खातं आणि संरक्षण मंत्रालय अशा दोन दारांवर जावं लागतं, आणि परवानगीचा कागद हातात नसेल तर तो विमानतळावरच अडकतो. रांगेच्या पलीकडे काँगोचा विरुंगा भाग आहे. १९९७ ते २००१ बंडखोरांमुळे रुवेन्झोरीचं उद्यानच बंद होतं. अशा सीमेवर आकाशात काही उडवणं तिथल्या रेंजरना नको असतं आणि मला त्यांचं म्हणणं रास्त वाटतं.

आता बर्फाबद्दल. आकडे नीट बघून घे, कारण स्क्रिप्टमध्ये एकही वाक्य फुगवलेलं नको. १९०६ साली रुवेन्झोरीच्या सहाही पर्वतांवर मिळून सुमारे साडेसहा चौरस किलोमीटर बर्फ होतं. २००३ पर्यंत ते एक चौरस किलोमीटरच्याही आत आलं. एमिन, गेसी आणि लुइजी दी सावोइया या तीन पर्वतांवरच्या हिमनद्या विसाव्या शतकातच संपल्या. आता खरी हिमनदी म्हणावी असं काही बघायचं तर स्टॅनली पर्वतावरच जावं लागतं, मार्गेरिटा शिखर ज्याचं आहे त्याच. कारणाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत: काही जण सरळ तापमानवाढ म्हणतात, काही म्हणतात की हवेतली आर्द्रता आणि ढग कमी झाल्याचाही मोठा वाटा आहे. दोन्ही बाजू फिल्ममध्ये याव्यात. आणखी एक, 'बर्फ गेलं की नद्या आटतील' हे वाक्य कितीही भिडणारं वाटलं तरी आपण घ्यायचं नाही. खालच्या नद्यांच्या पाण्यात हिमनद्यांचा वाटा फार थोडा आहे. पाणी येतं ते जंगलावर आणि वरच्या दलदलीवर पडणाऱ्या पावसाचं. मग बर्फ गेल्याने काय गेलं? त्याचं उत्तर मला रेकीत, म्हणजे शूटआधी जागा बघायला गेलो तेव्हा, मिळालं.

एलेना हट ४५०० मीटरच्या वर, नुसत्या खडकात आहे. तिथून मार्गेरिटाकडे निघालं की सुरुवातीला मोठमोठ्या गुळगुळीत शिळा लागतात. आमचा गाइड बाकोन्झो समाजातला, त्याचे वडीलही याच वाटेवर ओझी वाहायचे. तो एका शिळेपाशी थांबला, हातमोजा काढला आणि तळहात दगडावरून फिरवला. दगडावर एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे होते, बर्फाने सरकताना ओढलेले. म्हणाला, वडिलांच्या वेळी क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फावर चालायचे बुटांचे काटे, इथे बांधायचे. आम्ही क्रॅम्पॉन बांधले ती जागा तिथून पुष्कळ वर होती, आणि मधला सगळा चढ उघडा खडक. मोबाइलवर मी त्या हाताचं चित्रण केलंय, पण हात थरथरत होते आणि उजेडही नव्हता. ती शिळा तू नीट शूट करायचीस.

बाकोन्झोंच्या श्रद्धेप्रमाणे त्यांचा देव किटासांबा त्या बर्फात राहतो. बर्फ कमी होतंय म्हणजे देव नाराज आहे, असं म्हणणारी म्हातारी माणसं खालच्या गावांत आहेत. त्यांना कॅमेऱ्यासमोर त्यांच्याच भाषेत बोलू द्यायचं आणि खाली मराठी अक्षरं द्यायची. निवेदन कमीत कमी. वरचा दगड आणि खालचं घर हे दोन्ही एकाच माणसाच्या आयुष्यात आहेत, ते प्रेक्षकाला आपोआप कळेल.

वाट सेंट्रल सर्किटची घेऊ. किलेम्बेकडूनही चांगली वाट आहे, पण सेल्लाच्या बहुतेक जागा मुबुकू आणि बुजुकू खोऱ्यांत आहेत. चालायला सुरुवात न्याकालेंगिजा गावातून होते आणि ते गावच साधारण कळसूबाईच्या माथ्याइतक्या उंचीवर आहे, यावरून पुढचा अंदाज कर. पुढचे मुक्काम असे: न्याबिटाबा सुमारे २६५० मीटर, जॉन मॅटे ३५००, बुजुकू जवळपास ४०००, मग एलेना. ट्रेकर लोक हे भराभर उरकतात. आपण बुजुकूला तळ ठोकायचा आणि बरेच दिवस तिथेच राहायचं. अंगाला उंचीची सवय होते आणि ढगांची वाटही बघता येते. उतरताना बुजोंगोलोला थांबायचं. तिथल्या मोठ्या कपारीखाली ड्यूकच्या मोहिमेचा तळ होता. शिखराचा दिवस वेळापत्रकात आहे, पण ऐच्छिक. कोणाचं डोकं दुखायला लागलं, उलटी झाली, पाऊल अडखळलं, तर तो माणूस त्याच दिवशी खाली उतरेल, मग तो मी असलो तरी.

उजेडाचं गणित इथे वेगळं आहे. आपण जवळजवळ विषुववृत्तावर असू. वर्षभर बारा तासांचा दिवस, सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि तिरका न चढता सरळ वर जातो. मऊ उजेड बघता बघता संपतो. त्यात सकाळी नऊ-दहानंतर खोऱ्यातून धुकं वर येतं आणि समोरचा डोंगर पुसून टाकतं. म्हणजे कामाचे खरे दोन-अडीच तास. पहाटे अंधारात कॅमेरा लावून तयार राहायला हवं. कोरडा हंगाम डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत आणि दुसरा जून ते ऑगस्ट, पण कोरडा म्हणजे पाऊस कमी, एवढंच.

वाटेतल्या बिगोच्या दलदलीबद्दल आधीच सावध करतो. गवताचे गुडघाभर उंच झुपके आणि मधे काळा चिखल. तिथे बूट नव्हे, गमबूट लागतात. काही भागावर लाकडी फळ्यांची वाट आहे, पण आपल्याला हवी ती चौकट फळ्यांवरून मिळेलच असं नाही. मी ट्रायपॉड चिखलात ठेवून पाहिला: एक पाय हळूहळू खाली जात राहिला आणि शॉट संपेपर्यंत क्षितिज कललं. तीन पायांखाली घालायला प्लायवुडच्या चकत्या करून घे. बॅटऱ्या थंडीत फार लवकर उतरतात, रात्री त्या स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायचं. हटवरच्या सोलरवर भरवसा ठेवू नकोस, आपलं स्वतःचं पॅनल आणि भरपूर जादा बॅटऱ्या हव्यात. विमानात त्या हातातल्या सामानातच चालतात, आणि १०० वॅट-अवरच्या आतल्या घेतल्यास वाद होत नाही. गार कॅमेरा हटच्या उबेत नेताना आधी पिशवीत बंद कर, नाहीतर लेन्सच्या आत दव धरतं आणि सकाळ वाया जाते.

आणि तरीही, मन्या, तू ती जागा बघच! एरिकाच्या झाडांवरून हातभर लांब दगडफूल लोंबतं, त्याच्या वर माणसापेक्षा उंच लोबेलिया आणि सेनेशियोची झाडं. रात्री ट्री हायरॅक्सच्या किंकाळ्या ऐकू येतात. प्राणी मांजराएवढा, पण आवाजाने पहिल्या रात्री झोपच लागत नाही. साउंडवाल्याला सांग, तो आवाज आपल्याला जवळून हवा आहे.

युनिट लहान ठेवू: तू, मी, साउंड आणि एक सहायक. पण सामान वाहायला माणसं बरीच लागतील आणि त्यांच्याबाबत मी ठाम आहे. ठरलेल्या वजनाच्या वर एक किलोही कोणाच्या पाठीवर जाणार नाही. शॉटसाठी ओझ्यासकट पुन्हा चढून यायला कोणालाही सांगायचं नाही, चालताना जे मिळेल ते मिळेल. थांबण्याच्या दिवसांचीही पूर्ण मजुरी बजेटमध्ये धरलीय. श्रेयनामावलीत प्रत्येकाचं पूर्ण नाव येईल. निर्मात्याशी यावरून माझी खडाजंगी झाली, पण शेवटी तो तयार झाला.

कागदपत्रांचं काम मी सुरू केलंय. परदेशी युनिटला युगांडा सरकारचा चित्रीकरण परवाना लागतो आणि उद्यानासाठी युगांडा वाइल्डलाइफ ऑथॉरिटीची परवानगी आणि शुल्क वेगळं. ट्रेकिंगच्या फीमध्ये ते धरलेलं नसतं. कार्ने, म्हणजे सामान शुल्काशिवाय तात्पुरतं परदेशी नेण्याचा कागद, तिथे चालत नाही, त्यामुळे प्रत्येक वस्तू सीमाशुल्काकडे तात्पुरती आयात म्हणून दाखवावी लागेल. म्हणून या आठवड्यात मला तुझ्याकडच्या कॅमेरा, लेन्स, फिल्टर सगळ्याची यादी सिरियल नंबरांसकट हवी. एकही आकडा चुकायला नको.

पिवळ्या तापाची लस लवकर घे. ती घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, आणि ते नसेल तर युगांडात शिरता येत नाही आणि परत मुंबईत उतरल्यावर विलगीकरणात ठेवतात. मुंबईहून एन्टेबेला थेट विमान आहे, तिथून कासेसेपर्यंत जवळजवळ दिवसभराचा रस्ता. पायांची तयारी आतापासून कर. दर रविवारी सिंहगड, आणि पाठीवर पाणी घेऊन. काकूंना सांग, डोंगरात फोन लागणार नाही, पण खाली आलो की पहिला फोन त्यांनाच करू.

यादीची वाट बघतोय.

तुझा,
अव्या